आयात केलेला गिटार अँप पुण्यात दीडपट महाग का पडतो?

सहावी_तार

मुलगी आता इलेक्ट्रिक गिटारवर आली आहे. इतके दिवस क्लासमधल्या अँपवर (गिटारचा आवाज वाढवणारी स्पीकरची पेटी) भागत होतं, आता घरी हवा आहे. अप्पा बळवंत चौकापासून कॅम्पापर्यंत दुकानं पालथी घातली, ऑनलाइन भावही काढले. तिच्या मनात भरलेला अँप अमेरिकेतल्या दुकानांच्या साइटवर साधारण ३०० डॉलरला दिसतो. बहीण म्युनिकला असते, तिकडे थोडा जास्त. इथला भाव मात्र डॉलर रुपयांत करून पाहिला तर दीडपटीच्या घरात जातो. दुकानदाराला विचारलं की "कस्टम हो, कस्टम" एवढंच ऐकायला मिळतं.

पण कस्टम काही पन्नास टक्के नाही. मग मधले पैसे जातात कुठे? शिवाय हा अँप बनतो मलेशियात, म्हणजे अमेरिकेपेक्षा आपल्याला कितीतरी जवळ. माझं मत असं की मधले वितरक आपल्याला पिळतात, कारण आपल्याला दुसरा रस्ता नाही. या धंद्यातलं कुणी असेल तर नीट समजावून सांगा. पटलं नाही तर वाद घालीनच.

निळा_स्वर

+१. पेडल, पिकअप, तारांचे सेट, सगळ्यांची हीच कथा आहे. वाचतोय.

न्हावाशेवा

मी क्लिअरिंगच्या, म्हणजे आयात माल कस्टममधून सोडवण्याच्या कामात आहे, त्यामुळे हा हिशेब रोज डोळ्यांखालून जातो. एक उदाहरण मांडतो. आकडे समजुतीसाठी घेतलेत, पद्धत मात्र हीच.

समजा कारखान्यातून अँप ३०,००० रुपयांना निघाला. जहाजभाडं आणि विमा मिळून ३,०००. कस्टम शुल्क लागतं ते या दोन्हींच्या बेरजेवर, म्हणजे ३३,००० वर. मूळ शुल्क १५ टक्के धरू (नेमका दर वर्गीकरणावर आणि त्या वर्षीच्या बजेटवर ठरतो). झाले ४,९५०. या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार, जो २०१८ च्या बजेटपासून आला. ते ४९५. बेरीज ३८,४४५. यावर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) बंदरावरच भरावा लागतो. तो आयातदाराला पुढे वजा मिळतो म्हणून हिशेबातून बाजूला ठेवू, पण माल विकेपर्यंत तेवढी रक्कम अडकून राहते हे लक्षात असू द्या.

आता आयातदाराने २० टक्के चढवले: ४६,१३४. दुकानदाराने आणखी २० टक्के: ५५,३६१. त्यावर १८ टक्के जीएसटी: ६५,३२६.

खरी गंमत शुल्काच्या त्या ५,४४५ रुपयांत आहे. आयातदाराचा टक्का त्यांच्यावर बसतो, दुकानदाराचा बसतो, शेवटी जीएसटीही बसतो. बंदरावर भरलेले ५,४४५ दुकानात पोचेपर्यंत ९,२५२ होतात. म्हणून "ड्युटी तर १५ टक्केच आहे" हा हिशेब गिऱ्हाइकाच्या बाजूने कधीच जुळत नाही.

शुल्क आणि जीएसटी दोन्ही काढून टाकले आणि नफ्याचे टक्के तेच ठेवले, तर हाच अँप ४७,५२० ला पडतो. म्हणजे कुणी एक रुपया जादा लाटला नाही तरी निव्वळ करांनी किंमत ३७ टक्क्यांनी वर जाते.

सहावी_तार

@न्हावाशेवा, इतकं उलगडून कुणी सांगितलं नव्हतं. खूप आभार. पण ३७ टक्के म्हणजे दीडपट नव्हे. उरलेलं कुणाच्या खिशात?

बे_एरियातला_बाजीराव

उरलेल्यातला काही भाग तुमच्या तुलनेतच आहे. अमेरिकेत साइटवर दिसणाऱ्या किमतीत सेल्स टॅक्स धरलेला नसतो. आमच्या कॅलिफोर्नियात तो किमान सव्वासात टक्के, शहराप्रमाणे वर जातो. ओरेगनमध्ये शून्य. त्यामुळे तुमचे ३०० डॉलर माझ्या हातात पडेपर्यंत सव्वातीनशेच्या आसपास होतात. भारतातली किंमत सर्व करांसह असते. दोन्हीकडची करासकट रक्कम समोरासमोर ठेवा, फरक बराच आक्रसेल.

शिवाय २०१८ पासून इकडे बऱ्याच चिनी मालावर जादा शुल्क आहे. अमेरिकेत सगळं कायम स्वस्तच असतं असं आता राहिलेलं नाही.

इसार_काठची_मैना

जर्मनीत उलट आहे. दिसते ती किंमत १९ टक्के व्हॅट धरूनच असते. आणि इकडचं सगळ्यात मोठं वाद्यांचं दुकान, थोमान, बाम्बर्गजवळच्या ट्रेपेनडॉर्फ नावाच्या खेड्यात आहे, १९५४ पासून. तिथून पोर्तुगालपासून फिनलंडपर्यंत माल जातो आणि युरोपीय संघाच्या आत कुठेही कस्टम आडवं येत नाही. एका गोदामाला अख्ख्या खंडाचं गिऱ्हाईक मिळतं. एवढा खप असला की कारखान्याकडून भावही तसाच मिळतो.

ब्रिटन यातून बाहेर पडल्यावर १ जानेवारी २०२१ पासून तिकडच्या गिटारवाल्यांना याच दुकानातून मागवताना कस्टमचे कागद करावे लागायला लागले. दुकान तेच, अँप तोच, मधे सीमा आली एवढंच.

साओ_पाउलोचा_सदाशिवपेठी

पुणं महाग वाटतंय? कंपनीने मला ब्राझीलला पाठवलंय, इथला प्रकार ऐका.

आयात शुल्क, त्यावर औद्योगिक उत्पादन कर, मग दोन सामाजिक योगदानांचे कर आणि शेवटी राज्याचा कर. हा राज्याचा कर 'आतून' मोजतात, म्हणजे कर ज्या रकमेवर लावायचा त्या रकमेत तो कर स्वतःही धरलेला असतो. १८ टक्के दर असेल तर मूळ रकमेवर प्रत्यक्षात जवळजवळ २२ टक्के पडतात. १०० ला ०.८२ ने भागून बघा, १२१.९५ येतात.

याचा परिणाम असा की इथे देशी अँपचा धंदा टिकून आहे. मेतेओरो नावाचा इथलाच अँप जॅमरूममध्ये सर्रास दिसतो. जियानिनी तर १९०० सालापासून गिटार बनवतेय. बाहेरचा ब्रिटिश अँप कुणाकडे असला तर लोक मुद्दाम बघायला जातात.

जुना_तबेला

हे वाचून आमचे दिवस आठवले. १९९१ च्या आधी परवान्याशिवाय असलं काही मागवताच येत नसे, आणि ग्राहकोपयोगी मालावरची संख्येची बंधनं पूर्णपणे उठली ती १ एप्रिल २००१ ला. तोवर बाहेरचा अँप म्हणजे कुणाचा तरी मामा बोटीवर असायचा आणि तो आणायचा. कॉलेजच्या गॅदरिंगला, फिरोदिया करंडक स्पर्धेला आम्ही गिटार थेट अहुजाच्या अँप्लिफायरला लावायचो, मंडपात असतो तोच. आवाज पातळ यायचा, पण यायचा!

नंतर स्ट्रेंजरचे देशी अँप आले आणि कितीतरी बँड त्यावर उभे राहिले. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे.

तपकीर_गल्ली

@जुना_तबेला, आवाज पातळ का यायचा ते सांगतो. गिटारच्या साध्या पिकअपला (तारांचं कंपन विजेत बदलणारा भाग) समोर एक मेगाओहमच्या आसपासचा इनपुट लागतो. अहुजाचा माइकचा इनपुट त्यापेक्षा फार कमी ओहमचा असतो, तो पिकअपला दाबून टाकतो आणि वरच्या पट्टीची चमक निघून जाते. मधे एक छोटा बफर (पिकअपवरचा भार काढून घेणारं सर्किट) जोडला असता तर अहुजाही छान वाजला असता.

आता मूळ विषय. मी बुधवार पेठेत अँप दुरुस्त करतो. भाव बघून लोक नातेवाइकाकडून अमेरिकेतून अँप मागवतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. तिकडची वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तुमचा अँप उलटा करून मागची पाटी वाचा. '१००-२४०, ५०/६०' असं असेल तर फक्त पिन बदला, काही होत नाही. नुसतं '१२०, ६०' असेल तर थांबा.

व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या) अँपची मागची जाळी काढली की एका टोकाला काळा, जड, पत्र्याच्या थरांचा ट्रान्सफॉर्मर दिसतो. निर्यातीच्या काही मॉडेलला त्याच्या प्रायमरीतून (भिंतीतली वीज येते ती गुंडाळी) जास्तीच्या तारा बाहेर काढलेल्या असतात, टोकाला इन्सुलेशन घालून बांधून ठेवलेल्या. त्या असतील तर माझं काम सोपं होतं, जोडणी बदलायची आणि फ्यूज आधीच्या निम्म्या अँपिअरचा घालायचा. नसतील तर बाहेरून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. तो व्होल्टेज उतरवतो, पण हर्ट्झ बदलत नाही. निव्वळ ६० हर्ट्झसाठी बेतून काढलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर चालवला की गाभ्यातला चुंबकीय प्रवाह वीस टक्क्यांनी वाढतो आणि तो तापतो, घुमतो. शंभर वॉटचा व्हॉल्व्ह अँप भरात असताना भिंतीतून तीनशे वॉटच्या वर ओढतो, म्हणून स्टेप-डाउनही निदान ५०० व्हीएचा हवा, आणि त्याचं वजन वेगळं.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगा असाच थेट २३० ला लावलेला अँप घेऊन आला होता. प्रायमरी जळालेली, आतलं वार्निश वितळून तळाच्या फळीवर ओघळून घट्ट झालं होतं. नवीन ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला, व्हॉल्व्ह बदलले. खर्च मिळवला तर इथेच घेतलेला परवडला असता.

ओसाकाची_स्वारी

जपानमध्ये तर १०० व्होल्ट. आणि अर्ध्या देशात ५० हर्ट्झ, अर्ध्यात ६०. तोक्योत ५०, इथे ओसाकात ६०. इथल्या जुन्या बाजारात अँप सुरेख जपलेले मिळतात, भारतातले मित्र आणायला सांगतात आणि मला दरवेळी नाही म्हणावं लागतं.

न्हावाशेवा

कुरिअरने मागवणाऱ्यांनीही एक बघून ठेवा. विमानाने आणताना वजन दोन प्रकारे मोजतात, काट्यावरचं आणि आकारमानाचं, आणि जास्त असेल ते लावतात. आकारमानाचं म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं. चार स्पीकरची मोठी कॅब (नुसती स्पीकरची पेटी) साधारण ७७ बाय ७५ बाय ३६ असते. ती ३६ किलोची असली तरी भाडं साडेएकेचाळीस किलोचं पडणार. खोका त्याहून मोठा, म्हणजे अजून वर. आणि हे भाडं मूल्यात धरूनच शुल्क लागतं. गिटार अँप म्हणजे हवा भरलेली लाकडी पेटी, आणि त्या हवेवरही आपण ड्युटी भरतो.

बंडगार्डन_बूगी

सगळे कर आणि वजन यांतच रमलेत. वितरकावर कुणी बोलायला तयार नाही. @सहावी_तार यांचा मूळ मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे. एका ब्रँडला देशात एकच अधिकृत आयातदार असतो. तो म्हणेल तो भाव. दहा दुकानं फिरलात तरी फरक पाचशे रुपयांचा. ही स्पर्धा आहे का?

जुन्या_तारा

याला इतिहासात जबरदस्त दाखला आहे. जिम मार्शल यांनी १९६२ मध्ये लंडनच्या हॅनवेल भागातल्या दुकानात अँप बनवायला सुरुवात केली. १९६५ मध्ये त्यांनी रोझ-मॉरिस या कंपनीशी वितरणाचा पंधरा वर्षांचा करार केला. कारखाना वाढवायला भांडवल मिळालं, पण निर्यातीला रोझ-मॉरिस त्यांच्या किमतीवर ५५ टक्के चढवायची. त्यामुळे आपण जगाच्या बाजारातून बराच काळ बाहेर फेकलो गेलो, असं मार्शल यांनी पुढे स्वतःच सांगितलं.

पुढचा भाग मला जास्त आवडतो. या करारामुळे त्यांचे जुने विक्रेते उघडे पडले, त्यात त्यांचा एक जवळचा मित्रही होता. करारात दुसऱ्या नावाने अँप बनवायला बंदी नव्हती, म्हणून त्यांनी 'पार्क' या नावाने अँप काढले. आत बरंचसं तेच. आज ते पार्क अँप लोक शोधत फिरतात.

म्हणजे वितरकाचा टक्का किंमत किती फिरवू शकतो हे साठ वर्षांपूर्वीच दिसलेलं आहे, आणि तेही खुद्द ब्रिटनमधून निघणाऱ्या मालावर.

कायदा_आणि_कॉर्ड

या बाबतीत अलीकडचंही आहे. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने जानेवारी २०२० मध्ये फेंडरच्या युरोपीय कंपनीला ४५ लाख पौंडांचा दंड केला, कारण दुकानांना ऑनलाइन ठरावीक किमतीखाली गिटार विकू दिल्या जात नव्हत्या. त्याच सुमारास कॅसिओ, रोलँड आणि कॉर्ग यांनाही अशाच कारणासाठी दंड झाले. दुकानांतले भाव सगळीकडे सारखे दिसतात तेव्हा त्यामागे कधी कधी असंही कारण असतं.

आपल्याकडे स्पर्धा कायदा २००२ च्या कलम ३ मध्ये पुनर्विक्रीची किंमत बांधून देण्याचा उल्लेख आहे. पण एकच आयातदार असणं हा आपोआप गुन्हा होत नाही, हेही स्पष्ट सांगतो.

ग्राहक म्हणून एक गोष्ट कराच. आयात केलेल्या पॅकबंद मालावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि सर्व करांसह कमाल किंमत छापलेली चिकटपट्टी लागते, वैधमापनाच्या २०११ च्या नियमांनुसार. खोक्याच्या बाजूला ती शोधा. पट्टी नसेल तर तो माल कुठल्या वाटेने आला हे विचारा, कारण वॉरंटीचा प्रश्न तिथेच निकालात निघतो.

गल्ल्यावरून

मी दुकानदार आहे. नाव आणि दुकान सांगणार नाही. 'पिळतात' हा शब्द मला लागला, म्हणून लिहितोय.

युरोपात एक दुकान एकाच मॉडेलचे अख्खे कंटेनर मागवतं. आमचा आयातदार एका कंटेनरमध्ये गिटार, कीबोर्ड, ड्रम, स्टँड आणि उरलेल्या जागेत अँप आणतो. महागातला व्हॉल्व्ह अँप माझ्याकडे वर्ष वर्ष पडून राहतो. तेवढे पैसे अडकलेले, दुकानाचं भाडं चालू, आणि रोज मुलं येऊन त्यावर वाजवून जातात. वाजवावंच त्यांनी, मला ते आवडतं, पण शेवटी तो डेमोचा तुकडा कमी भावात काढावा लागतो. मधे रुपया घसरला तर पुढचा माल अजून महाग. २०१४ च्या सुमारास डॉलर साठ-बासष्टला होता, २०२४ मध्ये त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीला. कारखान्याने एक सेंट वाढवला नाही तरी एवढ्यानेच भाव एक तृतीयांश वर जातो.

आणि परवानग्या. बाहेरचा अडॉप्टर असेल तर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी लागते, तीही ज्या कारखान्यात तो बनतो त्या कारखान्याची. ब्लूटूथ असेल तर वायरलेसचं वेगळं मंजुरीपत्र. हा खर्च हजार नगांवर वाटला तर जाणवत नाही, पन्नासांवर वाटला की जाणवतो. म्हणूनच बाहेर दिसणारी काही मॉडेल इथे येतच नाहीत.

बंडगार्डन_बूगी

@गल्ल्यावरून, तुमच्यासारख्या दुकानदारांवर राग नाही, मनापासून सांगतो. तुम्ही मुलांना वाजवू देता यातच सगळं आलं. माझं म्हणणं तुमच्या वरच्या पायरीबद्दल आहे.

पर्वतीचा_पाडगा

अवांतर: फ्लॅटमध्ये शंभर वॉटचा अँप लावणार का कुणी? आमच्या सोसायटीत पाच वॉटवर खालच्या मजल्यावरचे आजोबा वर आले होते. आले, बसले, चहा घेतला आणि "शम्मी कपूरचं काही येतं का" म्हणाले. आता दर रविवारी येतात.

निळा_स्वर

आजोबांना नमस्कार सांगा!

न्हावाशेवा

@सहावी_तार, तुम्ही सुरुवातीलाच मलेशियाचं म्हणालात आणि ते बाजूलाच राहिलं. भारत आणि आसियान (आग्नेय आशियातल्या देशांचा गट) यांचा मालाचा करार जानेवारी २०१० पासून लागू आहे. मलेशिया, व्हिएतनाम, इंडोनेशिया त्यात येतात. यादीत बसणारा माल असेल आणि तो तिथलाच आहे असं उगमाचं प्रमाणपत्र सोबत असेल तर मूळ शुल्कात सवलत मिळते. तोच अँप आयातदाराने सिंगापूर किंवा युरोपच्या गोदामातून कागद नीट न करता आणला तर सवलत हुकते. म्हणजे कुठे बनला याच्याइतकंच कुठल्या कागदांवर आला हेही महत्त्वाचं. एकाच ब्रँडच्या दोन मॉडेलमधली किमतीची दरी इथे जशी असते तशी बाहेर का नसते, त्याचं एक कारण हे.

सहावी_तार

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. करासकट तुलना करून पाहिली. तिकडचा टॅक्स धरला तर दीडपटीचे साधारण एक पूर्णांक चार पट होतात, म्हणजे बहुतेक फरक शुल्क, जीएसटी आणि त्यांच्यावर चढणारे टक्के यांतच आहे. एकाच आयातदाराबद्दलचं माझं मत कायम आहे. @जुन्या_तारा यांनी दिलेला दाखला तर त्याच बाजूचा आहे. पण सगळा दोष त्यांच्यावर ढकलता येत नाही हेही तितकंच खरं.

खरा राग मला वेगळ्याच गोष्टीचा येतो. शिकणाऱ्या मुलाच्या हातातलं वाद्य आणि चैनीची वस्तू यांत हे दरपत्रक फरक करत नाही. हाताने बनवलेल्या देशी वाद्यांना जीएसटी नाही, ते अगदी योग्य आहे. वीस वॉटचा सराव अँपही शिकण्याचंच साधन आहे, त्यालाही थोडी सवलत मिळायला हवी.

आता व्यवहाराचं: बहीण दिवाळीत येतेय. तिने आणावा का?

इसार_काठची_मैना

जर्मनीतला असेल तर वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, आपल्यासारखीच. तो प्रश्न मिटला. पिन बदलावी लागेल. विमानात बहुतेक ठिकाणी एका बॅगेला २३ किलो, आणि तिन्ही मापांची बेरीज १५८ सेंटिमीटरपर्यंत. छोटा अँप बसतो. पण ती भारतात राहत नसेल तर तिला मिळणारी कस्टमची सूट कुठल्या वस्तूंना लागू होते ते आधी बघा. २०१६ च्या बॅगेज नियमांत ५० हजारांपर्यंत होती, नियम बदलत असतात, तिकीट काढताना कस्टमच्या साइटवर ताजं वाचून घ्या.

तपकीर_गल्ली

आणि वॉरंटी इथे चालणार नाही हे धरून चाला. डिजिटल मॉडेलिंगचा (निरनिराळ्या अँपच्या आवाजांची नक्कल करणारा) अँप असेल तर त्याचा मुख्य बोर्ड गेल्यावर माझ्यासारख्याला फारसं करता येत नाही, बोर्डच बदलावा लागतो आणि तो अधिकृत केंद्रातूनच येतो. साधा ट्रान्झिस्टरचा किंवा व्हॉल्व्हचा असेल तर खुशाल आणा, त्यातलं सगळं तपकीर गल्लीत मिळतं, नाही मिळालं तर लॅमिंग्टन रोडला.

मॉडेलिंगचाच हवा असेल तर इथे घ्या, पट्टी बघून, बिल घेऊन.

सहावी_तार

मॉडेलिंगचाच आहे. मग इथेच. @गल्ल्यावरून, डेमोचा तुकडा कमी भावात काढता म्हणालात, त्यावर कंपनीची वॉरंटी पूर्ण मिळते का?

गल्ल्यावरून

बिलाच्या तारखेपासून पूर्ण मिळते. फक्त बिलावर अनुक्रमांक लिहून घ्या आणि तो अँपच्या मागच्या पाटीशी जुळवून बघा. मुलीला सोबत घेऊन जा आणि तिची गिटारही न्या, दुकानातल्या गिटारवर ऐकून ठरवू नका.